शंभर मोजेपर्यंत

मे महिन्यात चोपड्याला
लीशमन काचेवर ओतला की लगेच आळायला लागतो.
पंखा बंद करायचा,
नाकावरचा घाम स्लाइडवर पडू नये म्हणून मान तिरकी धरायची,
दोन मिनिटं रंग, त्यावर बफरचं पाणी,
आणि मग आठ मिनिटं काही करायचं नाही.
हे काही न करणं मला सुभान तडवींनी शिकवलं.

रंग वाळला तर त्याची बारीक खडी पडते.
नवशिक्याला ती प्लेटलेट वाटते.
मला वाटली होती. रिपोर्टही लिहून झाला होता.
मामांनी तो फाडला नाही,
घडी घालून खिशात ठेवला.
"तुले जे दिसस ते लिख, माय.
वाटस ते नको."

तेलाचा थेंब. शंभराचं भिंग.
काच शेपटाकडे सरकवत न्यायची,
जिथे लाल पेशी एकमेकींना टेकतात, चढत नाहीत.

न्यूट्रोफिल सोपी:
एका दोऱ्यात तीन गाठी, कधी चार.
इओसिनोफिलच्या पोटात तिखट बुंदी भरलेली.
मोनोसाइट ऐसपैस, राखाडी,
तिचं केंद्रक डोक्याखाली दुमडून घेतलेल्या उशीसारखं.
बेसोफिल महिनोन् महिने भेटत नाही,
भेटली की मी उगाच कोणाला तरी बोलावून दाखवते.
आणि लिम्फोसाइट, उडदाचा एक दाणा,
भोवती निळी कड, असली तर असली.
तिचा रंग सांगताना मी नेहमी अडते.
आमच्याकडची भरताची वांगी हिरवी.
केळफुलाचं वरचं पान उचलून बघा,
तो जांभळा.

काही पेशी काच ओढताना फुटतात.
केंद्रकाचा नुसता फराटा राहतो,
ओल्या बोटाने पुसलेल्या अक्षरासारखा.
"फुटेल मोजानी नही," मामा म्हणायचे,
"पन इसरानी बी नही."

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी ते आले, मंगळवारी,
रांगेत उभे राहिले, केसपेपर काढला,
आणि बाही वर करून माझ्यासमोर बसले.
"थकवा शे. बाकी काही नही."
मी सुई टोचली तेव्हा ते हाताकडे नाही,
माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

उडीद.
उडीद. उडीद. फराटा. उडीद.
काउंटरची एकच कळ खाली जात राहिली,
बाकीच्या चार तशाच, धूळ बसलेल्या.
फराटे, फराटे.
शंभरावर घंटी वाजली.
मी ती एरवी ऐकतही नाही.

मामा दारात.
मोतीबिंदूचा डोळा बारीक करून त्यांनी भिंगात पाहिलं,
स्क्रू अर्धा फिरवला, परत आणला.
"हात कापना व्हई तुना. फेर कर."
माझा हात कापला नव्हता.
त्यांनीच शिकवलेला हात तो.
तरी मी म्हटलं, हो, कापला असेल.

"रक्तात अल्ब्युमिनचा एक थेंब टाक आधी.
मंग फुटतीन नही."

टाकला. नवी काच ओढली.
पुन्हा आठ मिनिटं.
ते बाकावर बसून सांगत राहिले,
अडावदला जावयाने केळीची खोडं कशी वाकवून ठेवलीत,
नातीला दहावीला गणितात किती पडले.

फराटे गेले. अल्ब्युमिनने आपलं काम केलं होतं:
मघाशी फुटलेली एकेक पेशी
आता साबूत, गोल, काठासकट उभी,
आणि प्रत्येक उडदाचा दाणा.
पहिल्या काचेवर बहात्तर.
या काचेवर एक्क्याण्णव.

मी पेन उघडलं. बंद केलं.
घाईने काढलेला स्मिअर, असं लिहिता आलं असतं.
यंत्र बिघडलंय, नमुना जळगावला पाठवतो,
असंही.

त्यांनी आकडा विचारला नाही.
स्लाइड माझ्या हातातून घेतली,
झायलॉलच्या फडक्याने तेल टिपलं, घासलं नाही, टिपलं,
उजेडात धरली
आणि म्हणाले,
"शेपूट मस्त उना."